घर कामगाराचं, किल्ली कोणाची?

राज्यघटनेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाची सोलापूरच्या जुन्या मिलशी कधी ना कधी गाठ पडते. १८७७ मध्ये सुरू झालेली ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ १९४९ मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने खास कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि चरणजितलाल चौधरी या भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. समानतेचा हक्क आणि मालमत्तेचा हक्क यांवरच्या चर्चेत त्या निकालाचा दाखला आजही दिला जातो. भागधारकाच्या हक्काविषयी इतका काथ्याकूट झाला, पण त्याच मिलच्या भोंग्यावर उठणारी माणसं कुठे राहत होती, त्यांच्या खोलीला खिडकी होती का, काम सुटलं की खोलीही सुटायची का, हे प्रश्न त्या कागदपत्रांत येण्याचं कारणच नव्हतं. इतरत्र ते आले, तेव्हा आकडे होऊन आले. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२० च्या दशकात सोलापूरच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे या शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला. तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि एका मध्यम आकाराच्या औद्योगिक शहराकडे इतक्या बारकाईने पाहणारं दुसरं पुस्तक त्या काळात सहसा सापडत नाही. तरीही या सगळ्या लेखनात घर येतं ते मुख्यतः भाड्याचा आणि दाटीचा आकडा म्हणून. भिंती, ओटा, मोरी, माग आणि माणूस यांची कुणीतरी विचारपूर्वक लावलेली रचना म्हणून त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

या लेखाचं म्हणणं असं आहे की, सोलापूरचा सर्वांत मोलाचा वास्तुवारसा या घरांत आहे आणि तो ओळखायचा तर दर्शनी भागाची नक्षी बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारले पाहिजेत: या घरात काम कुठे बसतं आणि घराची किल्ली कोणाच्या हातात असते? सोलापुरात साधारण दीडशे वर्षांच्या काळात कामगाराच्या घराचे निदान चार वेगळे प्रकार उभे राहिले. मिलमालकाची चाळ, कारखानदाराच्या मागांशेजारचा संसार, सरकारी तारांच्या आतली सेटलमेंट आणि कामगारांनी स्वतः संस्था काढून उभारलेली घरकुलं. चारही एकाच शहरात आहेत, आणि किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली ते त्यांतून पायरीपायरीने दिसतं. या क्रमामुळे सोलापूरचं स्थान वेगळं ठरतं.

कामगाराच्या घराला वारसा मानण्याचा विचार जगात सर्वाधिक घुसळला गेला तो कोळसा खाणींच्या मुलखात, आणि त्याला कारण आहे. कोळसा सापडतो तिथे सहसा शहर नसतं, त्यामुळे खाण सुरू करणाऱ्याला आधी घरं बांधावी लागतात. घर मालकाचं असलं की मजुराला धाकात ठेवायचं ते सर्वांत सोपं साधन होतं. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात १८४४ चा मोठा संप मोडताना खाणमालकांनी कामगारांची कुटुंबं सामानासकट रस्त्यावर काढली. या घरांच्या वास्तुरचनेत दारासमोरची गल्ली, मागचं अंगण, भाजीचा तुकडा असं बरंच काही प्रेमाने वर्णन करण्यासारखं आहे, पण हे प्रत्येक सुख नोकरीच्या अटीवर मिळालेलं होतं. उत्तर फ्रान्सच्या कोळसा पट्ट्याला २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं ते ही बाब न लपवता. तिथले १०९ घटक एकत्र नोंदवले गेले. त्यांत खाणीची यंत्रं आणि खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचे डोंगर आहेत, तसेच एकाला एक चिकटलेल्या घरांच्या जुन्या रांगा आणि नंतरच्या काळातल्या बागशहराच्या धर्तीवरच्या वसाहतीही आहेत. सुटं पाहिलं तर यांतलं बहुतेक बांधकाम साधं आहे. घरांचा एक प्रकार जाऊन दुसरा का आला हे सगळं एकत्र पाहिल्यावर वाचता येतं, म्हणून त्याला मोल आलं. वेल्समध्ये मर्थर टिडफिलची लोखंड उद्योगातल्या कामगारांची सहा घरं पाडण्याऐवजी सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात हलवली गेली आणि प्रत्येक घर वेगळ्या काळाप्रमाणे सजवलं गेलं, १८०५ पासून १९८५ पर्यंत. जर्मनीत ओबरहाउजेनची आयझेनहाइम ही १८४६ पासूनची वसाहत १९७० च्या दशकात वाचली ती रहिवाशांनी चळवळ केली म्हणून. या तीन उदाहरणांतलं शेवटचं आपल्या सर्वांत उपयोगाचं आहे, कारण तिथे घरं वाचली आणि माणसंही तिथेच राहिली.

महाराष्ट्रातही कोळसा आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ ते १९०६ चालली. पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्घुस, माजरी, वणी, उमरेड असा पट्टा विस्तारला. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली ‘वेस्टर्न कोलफील्ड्स’ आली. कॉलरीच्या क्वार्टरांचा स्वतंत्र इतिहास व्हायला हवा. भूमिगत खाणी मागे पडून उघड्या खाणी वाढत असताना तो तातडीने व्हायला हवा. पण तिथे किल्ली एका मालकाकडून दुसऱ्याकडे, खासगी कंपनीकडून सरकारी कंपनीकडे गेली. ती कामगाराच्या हाती कशी येते, हे पाहण्यासाठी सोलापूरकडेच वळावं लागतं.

मिलच्या चाळीपासून सुरुवात करू. जुन्या मिलनंतर लक्ष्मी १८९८ मध्ये आली, विष्णू आणि जाम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. नरसिंग गिरजीही याच पिढीतली. रेल्वे १८६० च्या सुमारास येऊन पोचली होती, कापूस मराठवाड्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून मिळत होता, आणि दुष्काळांनी उठवलेली माणसं हाताशी होती. मुंबईत जमीन महाग, म्हणून तिथली चाळ आकाशाकडे वाढली. सोलापुरात ती बहुतांशी बैठी राहिली. एका ओळीत खोल्या, समोर पडवी किंवा ओटा, आत चूल आणि मोरी, पाणी सामाईक नळावरचं, खाली बऱ्याच ठिकाणी शेजारच्या शहाबादहून आलेली फरशी. खोली लहान असल्याने संसार ओट्यावर यायचा. आणि चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, म्हणून सावलीतला ओटा हीच घरातली मुख्य खोली ठरायची. ही चाळ मिलच्या दरवाजाजवळ बांधली ती भोंग्याच्या सोयीने. पण कामगार एका ठिकाणी राहिले की ते एका ठिकाणी बोलतातही. मे १९३० मध्ये सोलापुरात जे घडलं, मार्शल लॉ लागला आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा फासावर गेले, त्या उठावात गिरणगावची ही दाट जवळीक विसरून चालणार नाही. अर्थात चाळीत खोली मिळालेला कामगार भाग्यवानच म्हणायचा. बहुसंख्य लोक खासगी खोल्यांत आणि झोपड्यांतच राहत. मिल बंद पडल्यावर चित्र उलटं झालं. डरहॅममध्ये काम गेलं की घर जायचं. इथे कामच नाहीसं झालं आणि माणसं खोलीतच राहिली. कागदावर मालक एक आणि पिढ्यान्‌पिढ्या दिवा लावणारा दुसरा, अशी ती लोंबकळती अवस्था आली. भारतातल्या गिरण्यांच्या बहुतेक चाळींचं भवितव्य या प्रश्नात अडकून आहे.

दुसरा प्रकार वास्तुरचनेच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलं आहे. निजामाच्या राज्यातल्या तेलुगू मुलखातून पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरला येत राहिले आणि शहराचा पूर्वभाग त्यांनी वसवला. साखर पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, दत्त नगर या भागांत घर आणि कारखाना वेगळे करणं अनेकदा अशक्य असतं. हातमागाच्या काळात कारखानदाराच्या छपराखाली विणकराचं कुटुंबच राहायचं: पुरुष मागावर, बायका-मुलं कांड्या भरायला. घराचा नकाशा मागाने ठरवला. खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसून पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर ठेवतो, त्यामुळे माग तळमजल्यावरच लागतो. धोट्याची धाव मोकळी हवी म्हणून मधोमध खांब चालत नाही. धागा तुटलेला दिसायला उजेड हवा आणि सूत फार कोरडं होऊ नये म्हणून वाऱ्याला बेतानेच वाट द्यावी लागते. ताण्याला खळ द्यायची तर लांबलचक मोकळी पट्टी हवी, म्हणून घरासमोरची गल्ली हा कारखान्याचाच भाग होऊन जातो. यंत्रमाग आल्यावर वजन आणि हादरा वाढला, तरी माग तळालाच राहिला. राहणं मात्र मागे सरकलं किंवा वर चढलं. ज्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती या नकाशातून बाहेर पडलेली वस्तू आहे. मानांकन चादरीला मिळालं. जिच्यात ती विणली गेली त्या वास्तूची नोंद करावी असं कुणाला सुचलं नाही. पैठणीच्या मागाचं चित्र आपण कॅलेंडरवर छापतो, पण मागाभोवती माणूस कसा राहिला याचं मोजमाप घेतलेलं रेखाटन आपल्याकडे सहज मिळत नाही. ही उणीव गंभीर आहे.

तिसरा प्रकार वेदनेचा आहे, आणि तो वगळला तर बाकीची मांडणी खोटी पडेल. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या समाजांना काटेरी तारांच्या आत ठेवण्यासाठी ज्या वसाहती झाल्या, त्यांतली एक मोठी वसाहत सोलापुरात होती. सुरुवातीला तिच्या व्यवस्थेत अमेरिकन मिशनऱ्यांचा हात होता. आतल्या माणसांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि काम करायचं ते शहरातल्या मिलमध्ये. म्हणजे सुधारणेच्या नावाने राज्यसंस्था मिलला बांधलेले मजूर पुरवत होती. इथे घराची किल्ली मालकाकडेही नव्हती. ती पोलिसांच्या नोंदवहीत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, पण सोलापूरकर त्या भागाला अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात.

चौथा प्रकार विडी कामगारांचा. सोलापूरची विडी मुख्यतः बायकांच्या हातांनी वळली जाते. त्या तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणतात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात आणि मोजून कारखान्यात देतात. कामाच्या जागेचा खर्च कारखानदाराला पडत नाही; घरानेच तो उचललेला असतो. म्हणून विडी कामगार बाईला घर मिळणं म्हणजे तिला कारखाना मिळण्यासारखंच आहे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीने हे ओळखलं आणि कामगारांच्या सहकारी संस्था काढून, कामगारांचा वाटा आणि सरकारी अनुदान एकत्र करून कुंभारीच्या माळावर दहा हजार घरं उभी केली. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही वसाहत २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. त्यानंतर तिथून जवळच रे नगर आलं: असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत दिल्या गेल्या. किल्ली कामगाराच्या हाती आली, आणि बऱ्याच घरांत ती बाईच्या हाती आली. या शहराच्या इतिहासात याहून मोठी वास्तुघटना मला दिसत नाही. मात्र पहिला प्रश्न, काम कुठे बसतं हा, इथे नव्याने विचारावा लागतो. बैठ्या घरांच्या वसाहतीत ओटा होता, चार जणी समोरासमोर बसून विड्या वळू शकत होत्या, पुढे-मागे एखादी खोली वाढवता येत होती. साधारण तीनशे चौरस फुटांच्या, मजल्यांवर रचलेल्या सदनिकेत ते अवघड होतं, आणि माग तर वरच्या मजल्यावर चढतच नाही. रे नगरचं मूल्यमापन घरांच्या संख्येवर थांबता कामा नये. कारखानदाराच्या छपराखाली विणकराचं काय होत होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला सदनिकेत काय हरवतं हेही दिसेल.

आता आक्षेप. पहिला असा की, यात वास्तुकला कुठे आहे? ना वास्तुविशारद, ना शैली. इंद्रभुवन पाहा, आप्पासाहेब वारदांचा तो प्रासाद आज महापालिकेच्या ताब्यात आहे आणि त्याचं जतन योग्यच आहे. पण इंद्रभुवन आणि चाळ हे एकाच सुताचे दोन पदर आहेत. मिलच्या नफ्यातून एक बाजू नक्षीदार झाली आणि दुसरी बाजू खोल्यांच्या ओळीत थांबली. एकच पदर जपणं म्हणजे अर्धा हिशेब ठेवणं. शिवाय साधं घर आपण जपत नाही असंही नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं सोलापुरातलं घर स्मारक म्हणून जपलं आहे, ते तिथे वाढलेल्या माणसामुळे. एका माणसाच्या कर्तृत्वाने साधं घर वारसा ठरत असेल, तर हजारो माणसांच्या श्रमाने का ठरू नये? संरक्षित स्मारकासाठी केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. मिलच्या पहिल्या पिढीतली बांधकामं त्या वयातही बसतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो रहिवाशांचा आहे. वारसा ठरलं की दुरुस्ती अडते, पुनर्विकास अडतो, आणि ज्यांनी तीन पिढ्या सामाईक नळावर काढल्या त्यांनाच पुन्हा गैरसोयीत ठेवलं जातं. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांतली कुटुंबं आता पाचशे चौरस फुटांच्या घरांत जाऊ लागली आहेत आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. त्या माणसांना ‘तुमची चाळ ऐतिहासिक आहे, थांबा’ असं सांगण्याचा नैतिक अधिकार कुणालाही नाही, आणि तसं माझं म्हणणंही नाही. राहणाऱ्याचा हक्क आधी. पण या आक्षेपातून निष्कर्ष निघतो तो जतनाच्या पद्धतीबद्दल, जतनाच्या गरजेबद्दल नव्हे. शंभर खोल्यांपैकी एक ओळ राखणं आणि नव्वद कुटुंबांना चांगलं घर देणं या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. आयझेनहाइममध्ये रहिवाशांनाच आपली वसाहत हवी होती. जिथे ती नको असेल तिथे पाडण्यापूर्वी काटेकोर मोजणी आणि नोंद तरी करता येते. आज तीही होत नाही, आणि त्याचं खापर रहिवाशांच्या गरजेवर फोडता येणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. घर आणि कारखाना एकत्र असण्याचं हे कौतुक धोकादायक नाही का? १८ मे २०२५ ला अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला; मालकाचं कुटुंब आणि कामगाराचं कुटुंब तिथेच राहत होतं. सूत पेटतं, तंबाखूची पूड फुप्फुसात जाते, मागाच्या खडखडाटात तान्ही मुलं झोपतात. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच जुनी घरं समजून घेणं ही निव्वळ भावनेची गोष्ट राहत नाही. कामाशेजारी राहणं ही पद्धत आपण नोंदवली नाही म्हणून ती संपलेली नाही. ती औद्योगिक वसाहतीच्या आत, नियमांच्या नजरेआड चालू आहे. सेटलमेंटलाही हेच लागू पडतं. लाजिरवाणी जागा पुसून टाकली की लाज पुसली जाते असं नाही. उलट तारा कुठे होत्या, हजेरी कुठे व्हायची, मिलची वाट कोणती, हे दाखवता आलं तर त्या समाजांच्या आजच्या मागण्यांना पुराव्याचं बळ मिळेल. तिथे काय आणि कसं ठेवायचं हे ठरवण्याचा पहिला अधिकार मात्र त्यांचाच असला पाहिजे.

या सगळ्याचा संबंध शहराच्या दक्षिण भागाशी, जुळे सोलापूरशीही आहे. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्यामध्ये वाढलेला हा भाग आज चांगल्या घराचं सोलापुरी माप झाला आहे: गृहनिर्माण संस्था, बंगले, अपार्टमेंट, समोर गाडी, आणि काम दुसरीकडे कुठेतरी. हे माप नोकरदार आणि व्यावसायिक कुटुंबांना शोभतं. त्यात वावगं काही नाही. पण नियोजनात निवासी पट्टा आणि औद्योगिक पट्टा अशी रेघ ओढताना हेच एक माप सगळ्या शहराला लावलं, की पूर्वभागातलं मागाचं घर आणि विडी घरकुलातला ओटा दोन्ही नियमबाह्य दिसू लागतात, आणि रे नगरच्या सदनिकेत काम करायला कोपरा राहत नाही. ज्या शहरात हजारो बायका घरात बसून रोजी कमावतात, तिथे घर म्हणजे फक्त कामावरून परतण्याची जागा, हे गृहीतकच चुकीचं ठरतं.

त्यामुळे करायचं काम ठरावीक आहे आणि ते फार खर्चाचंही नाही. चारही प्रकारांतल्या निवडक वस्त्यांची मोजणी करून नकाशे काढावेत; त्यांत भिंतींबरोबर मागाची जागा, मोरी, नळ, ओट्यावरची सावली आणि कोण कुठे बसतं हेही यावं. किल्लीचा इतिहास, म्हणजे भाडेपावत्या, मिलची खोलीवाटपाची कागदपत्रं, सहकारी संस्थांची दप्तरं, ती घराघरांतून नष्ट होण्याआधी गोळा करावी. विद्यापीठ, वास्तुकलेची महाविद्यालयं आणि कामगार संघटना यांनी मिळून ते करावं, कारण तिघांपैकी एकाकडेही सगळा तपशील नाही. महापालिकेच्या वारसा यादीत किल्ला, मंदिर आणि प्रासाद यांच्या जोडीला चाळीची एक ओळ, पूर्वभागातली मागघरांची एक गल्ली, सेटलमेंटचा एक भाग आणि कुंभारीची पहिली घरं असा एकत्रित गट नोंदवावा, राहणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या दुरुस्तीच्या हक्कासह. आणि रे नगरचे पुढचे टप्पे किंवा त्यासारखे नवे प्रकल्प आखताना तळमजल्यावर सामाईक कामाची जागा ठेवावी, जिथे उजेड असेल, हवा खेळेल, आग लागली तर बाहेर पडायला दुसरं दार असेल आणि सूप मांडीवर घेऊन आठ-दहा जणींना एकत्र बसता येईल.